रिपोर्ट नॉर्मल असलेली बाई

प्रिय डॉक्टर,

पुढच्या महिन्यापासून तू एकटी ओपीडी बघणार. तेव्हा एक बाई येईल. सोबतच्या सासूबाई बाहेर गेल्या की हळूच म्हणेल, ‘खाली आग होते.’ बसतानाही अवघडून बसेल. तिच्या फाईलमध्ये बुरशीच्या मलमाच्या चार-पाच चिठ्ठ्या असतील आणि रिपोर्ट सगळे नॉर्मल.

तिला ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’ असं म्हणू नकोस. सुरुवातीच्या वर्षांत मी एका नव्या नवरीला हेच म्हटलं होतं. तिने मान हलवली आणि गेली, ती परत आलीच नाही. ती मला अजून आठवते.

योनीमुखाशी तीन महिने किंवा त्याहून जास्त दुखत असेल आणि संसर्ग, त्वचारोग असं स्पष्ट कारण सापडत नसेल, तर तो व्हल्व्होडिनिया. ही व्याख्या २०१५ साली पक्की झाली. दुखणं मात्र एकोणिसाव्या शतकातल्या डॉक्टरांनीही लिहून ठेवलंय. तिला हे नाव सांग. आपल्या दुखण्याला नाव आहे, हेच कित्येकींना पहिल्यांदा कळतं.

तपासताना घाई नको. योनी उघडून बघायचा स्पेक्युलम पहिल्याच भेटीत घातला पाहिजे असं नाही. कापूस लावलेली काडी ओली कर, आधी मांडीला टेकवून दाखव, मग विचारून योनीमुखाभोवती घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे हलकेच टेकवत जा. पाच-सातच्या आकड्यापाशी बऱ्याच जणी एकदम पाय आवळतात. तिथे थांब. कुठे आणि किती दुखलं ते आकृती काढून लिही.

उपचार आहेत, पण वेळ घेतात, हे आधीच सांग. सुगंधी वॉश आणि साबण बंद. जागा बधिर करणारं लिडोकेनचं मलम, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची फिजिओथेरपी, काहींना कमी मात्रेत अमिट्रिप्टिलिन. हे देताना मात्र जपून बोल. ते नैराश्याचं औषध आहे हे तिला केमिस्टकडून कळलं, तर डॉक्टरने मला वेडी ठरवलं असं तिला वाटेल. मज्जातंतूंची कळ शमवायला देतेय, हे तूच सांग.

नवऱ्याला बोलव, पण तिची परवानगी घेऊनच. ‘ती टाळत नाहीये, तिला खरंच दुखतंय,’ हे त्याने तुझ्या तोंडून ऐकू दे.

आणि ती उठायच्या आत पुढची तारीख लिहून दे. त्या नवरीला मी ती दिली नव्हती.

तुझी,
मॅडम