वनरक्षक भरती: धावण्याबरोबर चालण्याचाही सराव हवा

प्रश्न: बारावी कला शाखेतून झाले, भूगोल विषय होता. वनरक्षक भरतीत चालेल का? रोज तीन किलोमीटर धावते, तेवढं पुरेल का? पुढे बढती कशी मिळते? (एक वाचक, अकोले)

उत्तर: भूगोल चालतो. बारावीला विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी एक विषय असावा लागतो. अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना दहावी पुरते. महिलांची उंची किमान १५० सेंमी हवी. अनुसूचित जमातीला त्यात सवलत आहे.

तीन किलोमीटरची धाव ८० गुणांची असते आणि गुण वेळेवर मिळतात. तेव्हा नुसतं अंतर कापू नका, रोजची वेळ वहीत लिहा. पण चालण्याची चाचणीही असते. चार तासांत महिलांना १६ आणि पुरुषांना २५ किलोमीटर. तिला गुण नाहीत, पण ती हुकली की बाकीचे गुण वाया. तुम्हाला किलोमीटरला १५ मिनिटं मिळतात. पुरुषांना जेमतेम साडेनऊ, म्हणजे त्यांना सतत झपाझप चालावं लागतं. आठवड्यातून एकदा सलग १६ किलोमीटर चाला, तेही चाचणीच्या दिवशी घालणार त्याच बुटांत. कोरे बूट घातले की टाचेला फोड येतात आणि शेवटचे चार किलोमीटर जड जातात.

निवडीनंतरच्या प्रशिक्षणात वनकायदे, गुन्ह्याचा पंचनामा, रोपवन, जाळरेषा (वणवा पसरू नये म्हणून साफ ठेवलेला पट्टा) आणि झाडांची मोजणी येते. मोजणी मन लावून शिका. खोडाची गोलाई, म्हणजे घेर, जमिनीपासून १.३७ मीटरवर घेतात. उतारावर चढाच्या बाजूला उभं राहून. टेप तिरका गेला किंवा वेलीवरून गेला की गोलाई वाढते. १०० सेंमीचं झाड १०५ नोंदलं, तर खोडाच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ सुमारे दहा टक्के जास्त येतं आणि लाकडाचा अंदाज तितकाच फुगतो.

बढती वनरक्षक, वनपाल, वनक्षेत्रपाल अशा क्रमाने मिळते, पण त्यात बरीच वर्षं जातात. थेट वनक्षेत्रपाल व्हायचं तर लोकसेवा आयोगाची महाराष्ट्र वनसेवा परीक्षा द्यावी लागते. विज्ञान, कृषी, अभियांत्रिकी किंवा वनशास्त्राची पदवी हा तिचा सरळ रस्ता. वनशास्त्राचा चार वर्षांचा अभ्यासक्रम दापोली आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठांत आहे, मात्र त्याला बारावी विज्ञान लागतं. त्यामुळे तुम्ही आधी वनरक्षक व्हावं हेच आम्हाला योग्य वाटतं. पुढची पदवी निवडण्यापूर्वी वनसेवेच्या जाहिरातीतली पात्र विषयांची यादी शब्दन् शब्द वाचा.