परदेशी विद्यापीठाच्या अर्जातले इंग्रजी शब्द पाठ कसे करावेत?

तुमचा प्रश्न असा: बारावीपर्यंत मराठी माध्यम, परभणीतून बी.एस्सी. केमिस्ट्री, आता ब्रिटन किंवा जर्मनीत एम.एस्सी.साठी अर्ज करायचाय, पण फॉर्म उघडला की पहिल्याच पानावर गाडी अडते. तर पाठ करायला शब्दांची यादी मिळेल का?

यादी देत नाही, कारण तिचा उपयोग होत नाही. मी नांदेडकडच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवते. अशी मुलं-मुली दरवर्षी येतात आणि त्यांचं इंग्रजी त्यांना वाटतं तितकं कच्चं मुळीच नसतं. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. फॉर्मवरच्या जवळपास प्रत्येक शब्दामागे एक कागद, एक तारीख नाहीतर काही पैसे असतात. तो कागद कोणत्या खिडकीवर मिळतो हे कळलं की शब्द आपोआप लक्षात राहतो.

ट्रान्सक्रिप्टचंच बघा. सगळ्या सेमिस्टरचे विषय, क्रेडिट आणि गुण एकत्र दाखवणारा, विद्यापीठानं सही-शिक्क्यानिशी दिलेला तो कागद. सहा मार्कशीटच्या झेरॉक्सला स्टेपल मारून ट्रान्सक्रिप्ट होत नाही. परभणीचं कॉलेज म्हणजे तुमचं विद्यापीठ स्वामी रामानंद तीर्थ, तेव्हा काम नांदेडला विष्णुपुरीत, परीक्षा विभागात. बीड, जालना, धाराशिवच्या पोरांना संभाजीनगर गाठावं लागतं. जाण्याआधी समोरच्या विद्यापीठाला काय हवंय ते वाचून घ्या: स्कॅन केलेली प्रत चालते, सीलबंद पाकीट हवं, की विद्यापीठानं परस्पर ईमेल करायचा. नाहीतर हौसेनं पाकीट फोडून आत काय आहे ते बघाल आणि पुन्हा विष्णुपुरीची बस धराल.

काही शब्द ओळखीचे वाटतात आणि तेच फसवतात. ट्यूशन फी म्हणजे खासगी क्लासची नव्हे, विद्यापीठाचीच शिकवणीची फी. आपण ज्याला ग्रॅज्युएशन म्हणतो ते त्यांचं अंडरग्रॅज्युएट. तुम्हाला हवा तो कोर्स ब्रिटनमध्ये पोस्टग्रॅज्युएटखाली सापडेल, अमेरिकेच्या साइटवर मात्र ग्रॅज्युएटखाली. 'स्कूल ऑफ केमिस्ट्री' ही शाळा नाही, विद्यापीठातला विभाग आहे. उलट बोनाफाईड आणि एटीकेटी हे आपले घरचे शब्द तिकडं कुणी ओळखत नाही. राहिलेला विषय नंतर काढला असेल तर तो पुन्हा परीक्षा देऊन पास केला, असं सरळ लिहा. लपवू नका, ट्रान्सक्रिप्टवर ते दिसू शकतं.

एका जोडीवर मात्र नीट थांबा: कंडिशनल ऑफर आणि अनकंडिशनल ऑफर. कंडिशनल म्हणजे जागा दिली, पण अट आहे: शेवटच्या वर्षी इतके टक्के आणा, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत इतका स्कोअर आणा. अटी पुऱ्या केल्याचे कागद पाठवले की ती अनकंडिशनल होते. पोरं पहिलं पत्र आलं की पेढे वाटतात. वाटा की, पण शिष्यवृत्तीचं गणित वेगळं असतं. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर कुटुंबांतल्या मुलांसाठी आहे. मराठवाड्यात अशी घरं किती आहेत ते मी सांगायला नको. तिथं अनकंडिशनल ऑफरच मागतात. त्यामुळे या एका शब्दातल्या 'अन'ची किंमत लाखांत आहे.

आता रेफरन्स, म्हणजे शिफारसपत्र. आमच्याकडची रीत अशी: "मॅडम, लिहून आणलंय, तुम्ही फक्त सही करा." कागदावर हार्डवर्किंग, सिन्सियर, पंक्चुअल. मागच्याच्या हातातही तेच, फक्त नाव वेगळं. फॉर्मवर रेफरी म्हणून ज्यांचं नाव द्याल त्यांना बऱ्याचदा विद्यापीठाकडून थेट लिंक जाते आणि पुष्कळ ठिकाणी जीमेल चालत नाही, संस्थेचाच ईमेल लागतो. म्हणून आधी सरांना विचारा, कॉलेजचा ईमेल त्यांना उघडता येतो का तेही बघा. (हे विचारायला संकोचू नका, कित्येकांनी पासवर्ड कधीच हरवलेला असतो.) आणि त्यांच्या हातात विशेषणं देऊ नका, काम द्या. एका मुलीनं गावातल्या बोअरच्या पाण्याचा कठीणपणा टायट्रेशननं मोजला होता, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर. मी म्हटलं, हेच लिही: पाणी कुठून आणलं, आकडे का बदलले असं तुला वाटलं, मोजताना काय अडलं. हाच मजकूर तिच्या पर्सनल स्टेटमेंटलाही पुरला. जर्मनीवाले त्याला मोटिव्हेशन लेटर म्हणतात, अमेरिकेत एसओपी, म्हणजे स्टेटमेंट ऑफ पर्पज. थोडाफार फरक आहे, पण मागणी एकच: हाच विषय का आणि आमच्याकडेच का.

नावाचा घोळ आत्ताच निस्तरा. आपल्या मार्कशीटवर बहुधा आडनाव आधी येतं, मग स्वतःचं, मग वडिलांचं. फॉर्मवर सरनेम म्हणजे आडनाव आणि गिव्हन नेम म्हणजे बाकी सगळं, पण पासपोर्टवर ज्या रकान्यात जे छापलंय तसंच भरायचं. 'ज्ञानोबा'चं इंग्रजी स्पेलिंग दहावीला एक आणि पासपोर्टवर दुसरं असेल, तर ते आधी दुरुस्त करा किंवा दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा.

जर्मनीचा विचार पक्का असेल तर एपीएस सर्टिफिकेटला, म्हणजे तुमचे शिक्षणाचे कागद तपासून खरे असल्याचा दाखला मिळतो त्याला, आधी लागा. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी ते सक्तीचं आहे. हिवाळी सेमिस्टरची मुदत अनेक ठिकाणी १५ जुलैला संपते, म्हणजे मेमध्ये जागं होऊन भागत नाही. ब्रिटनमध्ये ऑफर स्वीकारून बहुतेक ठिकाणी डिपॉझिट भरावं लागतं, मग विद्यापीठाकडून प्रवेश पक्का झाल्याचा कॅस नावाचा क्रमांक येतो आणि त्याच्यावर व्हिसा. व्हिसासाठी दाखवायचे पैसे खात्यात सलग २८ दिवस असावे लागतात. एक दिवस जरी रक्कम खाली गेली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून, तेव्हा मधेच खताबियाण्याला त्यातून काढू नका, हे घरी आधीच सांगून ठेवा.