मारुती जिप्सीत १.३ लिटरचं काढून १.६ लिटरचं इंजिन बसवलं, आता तिसऱ्या गिअरला क्लच घसरतो. रेसिंगचा जड क्लच टाकू का?

लगेच नको. आधी क्लचच्या केबलला मोकळीक आहे का आणि क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य शाफ्टच्या) मागच्या सीलमधून ऑइल क्लच प्लेटवर येतंय का, ते बघा. तेलकट प्लेट कितीही दाबली तरी घसरणारच.

मग हिशेब करा. जिप्सीचं मूळ १.३ इंजिन साधारण १०३ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देतं, जुन्या बलेनोचं १.६ साधारण १३०. प्रेशर प्लेटचा (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबणाऱ्या प्लेटचा) दाब, घर्षणांक, क्लच प्लेटची सरासरी त्रिज्या आणि दोन बाजू म्हणून २, यांचा गुणाकार म्हणजे क्लचची ताकद. ४००० न्यूटन, ०.३ आणि ८ सेंमी धरलं तर १९२ न्यूटन-मीटर येतात. १३०च्या जवळपास दीडपट, भरपूर झालं.

फ्लायव्हील इंजिनाप्रमाणे, प्रेशर प्लेट त्या फ्लायव्हीलप्रमाणे, पण क्लच प्लेटच्या मधले दाते गिअरबॉक्सच्या शाफ्टप्रमाणे. खरी गल्लत इथेच होते. वाळूजला एका गाडीची प्लेट मी शाफ्टवर हाताने सरकवून पाहिली, तर अर्ध्यातच अडकली. तशीच बसवली असती तर क्लच कधी नीट सुटलाच नसता. शाफ्टचं टोक पायलट बेअरिंगमध्ये, म्हणजे क्रँकच्या टोकाशी त्याला आधार देणाऱ्या छोट्या बेअरिंगमध्ये, नीट बसतंय ना, तेही पाहा.

तुम्ही लातूरकडे काळ्या मातीत पळवता, तिथे चाकं जागेवर फिरतात आणि क्लच सोडतानाचा झटका जिरतो. डांबरावर तोच झटका प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस (सांध्याचा तुकडा) आणि ॲक्सल सोसतात. क्लच घसरला तर प्लेट जाते, घट्ट धरून बसला तर ॲक्सल तुटतो. माझ्या मते आधी प्लेट जायला हवी, ती स्वस्त आहे.