पाहुणे शेतावर, फेरफटका कुठवर?

दिवाळी उलटली की मराठवाड्यातली शेतघरं आणि कृषी पर्यटन केंद्रं भरू लागतात, आणि आमच्याकडे पत्रंही. काही मुक्कामाला येणाऱ्यांची, काही मुक्काम देणाऱ्यांची. दोघांनाही मी एकच सांगत असतो: दिवसाला एकच मोठं ठिकाण धरा. इथली अंतरं नकाशावर किरकोळ दिसतात. ऊन आणि रस्ते नकाशावर दिसत नाहीत.

प्रश्न : शुक्रवारी रात्री पुण्याहून खुलताबादजवळच्या शेतघरात पोचतोय. शनिवार, रविवार, सोमवार हातात आहेत. वेरूळ, अजिंठा, देवगिरी आणि बीबी का मकबरा कसं बसवावं?

आधी वार बघा. अजिंठा सोमवारी बंद असतो, वेरूळ मंगळवारी. बहुतेकजण जवळचं म्हणून वेरूळ आधी उरकतात, अजिंठा शेवटी ठेवतात आणि सोमवारी बंद दारातून परत येतात. तुम्ही उलटं करा. शनिवारी पहाटे अजिंठ्याला निघा. एका बाजूचं अंतर शंभरेक किलोमीटर आहे, शिवाय फर्दापूर फाट्यावर आपली गाडी ठेवून पुढे तिथल्या बसने जावं लागतं, तो वेळ वेगळा. लेणी तीस आहेत, पण दम आधी संपतो. १, २, १६ आणि १७ ही चित्रांची लेणी सकाळी ताजे असताना बघून घ्या. डोळ्यांना अंधार सरावला की मगच चित्रं उमटू लागतात, त्यामुळे आत शिरून लगेच बाहेर पडू नका. फ्लॅशला बंदी आहे.

रविवारी देवगिरी, सकाळी लवकर. अंधारीतून, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेने, वर जायचं असेल तर टॉर्च जवळ ठेवा. वटवाघळांच्या वासाची तयारी असू द्या. बारादरीपर्यंत चढणं सगळ्यांना जमेलच असं नाही, पण कातळात कोरलेला खंदक खालूनही बघता येतो. दुपारी शेतावर झोप काढा, खरंच.

सोमवारी वेरूळ. घृष्णेश्वराला सोमवारी रांग असते, म्हणून लेणी आधी. (गाभाऱ्यात जायचं तर पुरुषांना सदरा-बनियन काढावं लागतं, हे बरोबरच्या मंडळींना आधीच सांगून ठेवा.) इथली लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे दुपार कलली की उजेड आत येतो. कैलास लेण्यात दक्षिणेकडच्या बाजूला खाली वाका: रावण कैलास पर्वत हलवतोय, पार्वतीने घाबरून शंकराचा हात धरलाय, एक दासी पाठ फिरवून पळत सुटलीये, आणि शंकर मात्र निवांत बसलाय. गाइडच्या मागे धावणाऱ्या गर्दीला ती दासी दिसतच नाही. मकबरा या वेळी सोडा. परतीच्या वाटेवर वेळ उरलाच तर बघा.

प्रश्न : अंबाजोगाईजवळ आमचं शेतघर आहे. पाहुणे विचारतात, "इथं बघायला काय आहे?" आम्ही योगेश्वरी आणि परळी वैजनाथ सांगतो, पुढे सुचत नाही.

राग मानू नका, पण गावाबाहेरून येणाऱ्याला अंबाजोगाईत दोन दिवस पुरत नाहीत, आणि गावातल्याला दोन ठिकाणं आठवतात. योगेश्वरी ही कोकणातल्या कितीतरी घराण्यांची कुलदेवता. रत्नागिरीकडचे पाहुणे आले तर ते दर्शनाचं स्वतःच ठरवून आलेले असतात, त्यांना बाकीचं दाखवा. हत्तीखाना लेण्यात घेऊन जा. अंगणात कातळातून कोरलेले हत्ती उभे आहेत, मध्ये नंदीचा मंडप आहे, आणि पाठीमागे गावाची रोजची वर्दळ चालू असते. तिकडून बाराखांबी मंदिर. मग मुकुंदराजांची समाधी: दरीतली, झाडीतली जागा आहे, पावसाळा सरताना तर फारच देखणी. मराठीतला आद्य ग्रंथ मानला जाणारा 'विवेकसिंधु' यांचा, एवढं तरी पाहुण्यांना सांगाच. दासोपंतांची पासोडीही याच गावची; कागदावर नव्हे, कापडावर लिहून काढलेला ग्रंथ.

दुसरा दिवस धारूरच्या किल्ल्याला द्या. बालाघाटातून जाणारा तो रस्ताच बघण्यासारखा आहे. दसऱ्याच्या सुमारास गेलात तर वाटेत सीताफळांच्या पाट्या घेऊन बायका बसलेल्या असतात. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, ही माहिती पाहुण्यांवर छाप पाडायला उपयोगी पडते. पण डोळे उघडलेली, हाताला जराशी नरम लागणारी फळं कशी निवडायची, हे तुम्हीच शिकवा.

प्रश्न : लातूरजवळ राहणार आहोत. बरोबर आजी आहेत, गुडघे दुखतात. देवदर्शनही हवं.

तेरला जा. संत गोरोबाकाकांची समाधी, त्रिविक्रमाचं मंदिर आणि लामतुरे वस्तुसंग्रहालय, तिन्ही एकाच गावात आहेत आणि चढ नाही. त्रिविक्रमाचं मंदिर विटांचं आहे, मागची बाजू अर्धगोल. मुळात तो बौद्ध चैत्य असावा असं अभ्यासक मानतात. तेर म्हणजे जुनं तगर, रोमशी व्यापार करणारं. संग्रहालयातले मणी आणि मातीच्या मूर्ती आजींनाही आवडतील, कारण काचेआड ठेवलेल्या कितीतरी वस्तू जुन्या घरातल्याच वाटतात.

तुळजापूरला पायऱ्या उतरून जावं लागतं आणि मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा गर्दी असते. हे वार टाळा. औंढा नागनाथचा बेत असेल तर आधी घरात बोलून घ्या. तिथली पिंड तळघरासारख्या गाभाऱ्यात आहे, अरुंद पायऱ्यांवरून वाकून, बसत-सरकत उतरावं लागतं. आजींना वरूनच हात जोडायला लावा. बाहेरचं कोरीव काम बघण्यात त्यांचा तास सहज जाईल.

प्रश्न : नळदुर्गचा नर-मादी धबधबा बघायला आलो तर कोरडा ठणठणीत! फसवणूकच झाली.

फसवणूक कसली, महिना चुकला. बोरी नदी भरून बंधाऱ्यावरून वाहू लागली तरच नर आणि मादी हे दोन धबधबे पडतात, आणि आपल्याकडे तसा पाऊस बऱ्याचदा सप्टेंबरातच होतो. काही वर्षी होतही नाही. निघण्याआधी शेतघराच्या मालकाला फोन करून "बोरी वाहतेय का" एवढं विचारा. कोरड्या दिवसांतही पाणीमहाल बघायला हवा. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बंधाऱ्याच्या पोटातच तो बांधला. नदी भरलेली असताना पाणी समोरून पडतं आणि माणूस महालात कोरडा राहतो. तुळजापूरहून तीस-पस्तीस किलोमीटर आहे.

प्रश्न : औशाकडच्या आमच्या पाहुण्यांना किल्लारी बघायची असते. न्यावं का?

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात तिथं काय झालं ते आपल्या पिढीला सांगायला नको. कुणी स्वतःहून विचारलं तर स्मारकापाशी थांबा, बोला. पण औशाचा किल्ला, खरोसा लेणी आणि मग किल्लारी अशी यादी करून नेऊ नका. ज्यांनी त्या रात्री माणसं गमावली ते अजून तिथंच राहतात.

प्रश्न : हुरडा पार्टी झाल्यावर दुपारी पाहुण्यांना कुठं न्यावं? आमचं गाव सेलूजवळ आहे.

कुठंही लांब नको. आगटीतून काढलेलं गरम कणीस तळहातावर चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा, शेंगदाण्याची चटणी घ्यायची, वरून गोड दही. हे तासभर चाललं की माणूस गाडीत बसायच्या लायकीचा राहत नाही. चार वाजेपर्यंत बाजा टाकून द्या. ऊन उतरलं की वालूरला न्या. तिथली चक्राकार बारव गावकऱ्यांनी गाळ उपसून मोकळी केली आहे. पायऱ्या गोल फिरत पाण्यापर्यंत उतरतात; लहान मुलांचा हात सोडू नका, आणि वरून फोटो काढण्याआधी एकदा खाली उतरून वर बघा. सकाळचा वेळ रिकामा असेल तर जिंतूर तालुक्यातलं चारठाणा: जुनी मंदिरं आणि दीपमाळ. तिथून पुढे लोणार काढता येतं, मात्र ते बुलढाण्यात, म्हणजे विदर्भात. सरोवराच्या काठापर्यंत उतरायचं तर त्यालाच सकाळ लागते. हुरड्याच्या दिवशी तो विचारही करू नका.