कोंबडबाजारातला दंड आणि वनरक्षकाची नोकरी

प्रश्न : मी सिंदेवाही तालुक्यातला. बारावीत असताना कोंबडबाजारावर (पैसे लावून कोंबडे झुंजवतात तिथे) धाड पडली, त्यात मी सापडलो. कोर्टात गुन्हा कबूल करून 300 रुपये दंड भरला आणि सुटलो. आता वनरक्षक म्हणून निवड झाली आहे. एक जण म्हणतो, 15,000 द्या, ठाण्यातलं रेकॉर्ड साफ करून देतो. काय करू?

उत्तर : भाऊ, पैसे खिशातच ठेवा. सज्ञान माणसाची शिक्षा रेकॉर्डवरून पुसून टाकायची सोय आपल्या कायद्यात नाही आणि तुमची नोंद ठाण्याइतकीच कोर्टातही आहे. शिवाय तुम्ही ‘सुटलो’ म्हणता, तसं झालेलं नाही. कबुली दिली, दंड भरला, म्हणजे दोषी ठरलात. तारखांना कंटाळून आपल्याकडची पोरं सर्रास असं करतात आणि भरतीच्या वेळी अडकतात.

पण बारावीत होता, तर धाडीच्या दिवशी अठरा पूर्ण होती का? अशा गर्दीत पोलीस वय अंदाजानेही लिहितात. शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र काढून तारीख ताडून पाहा. एक दिवस कमी भरला तरी प्रकरण बाल न्याय मंडळाचं होतं. 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 9 नुसार हा मुद्दा निकालानंतरही कोर्टात मांडता येतो. तो मान्य झाला की कलम 24 लागू होतं : शिक्षेमुळे येणारी अपात्रता राहत नाही, अपिलाची मुदत संपल्यावर नोंदही नष्ट करायची असते. सगळ्यात आधी हेच तपासा.

अठरा पूर्ण असतील तर वाट लांबची आहे. सत्र न्यायालयात दाद मागून, झालेला उशीर माफ करून घ्यायचा आणि दंडाऐवजी 1958 च्या परिवीक्षा (प्रोबेशन) कायद्याच्या कलम 3 खाली समज देऊन सोडावं, अशी विनंती करायची. ती मान्य झाल्यास कलम 12 मुळे अपात्रता जाते, पण दोषसिद्धी उरतेच. उशिराचं कारण कोर्टाला पटेलच, याची हमी मी देणार नाही.

काहीही होवो, साक्षांकन नमुन्यात (नेमणुकीआधी स्वतःची माहिती लिहून द्यायचा फॉर्म) ‘गुन्हा नाही’ असं लिहू नका. चारित्र्य पडताळणीत ते उघडं पडतं आणि मग जुगारापेक्षा लपवाछपवीच महागात पडते. अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये सांगितलं की, खरी माहिती दिली तरी पूर्वचारित्र्य तपासण्याचा अधिकार नेमणूक करणाऱ्याला आहे. मात्र कोवळ्या वयातल्या किरकोळ गुन्ह्याकडे तो दुर्लक्ष करू शकतो. कोंबडबाजारातला 300 रुपयांचा दंड किरकोळ नाही तर काय?

दंड भरला त्या कोर्टातून निकालाची नक्कल आजच मागवा. जुगार कायद्याचं कलम 12 लागलं की प्राण्यांवरील क्रूरतेचं, हे त्यावरून कळेल. नमुन्यात तेच कलम, तीच तारीख लिहा आणि नक्कल सोबत जोडा. वकिलाची फी परवडत नसेल तर चंद्रपूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा किंवा 15100 वर फोन लावा. अनुसूचित जाती-जमातीतले असाल तर उत्पन्नाची अटही नाही.