बदलीमुळे तालुक्याच्या गावी जातेय. मुलीला आठवीत तिथल्या जिल्हा परिषदेच्या हायस्कूलमध्ये घालावं का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: तुम्ही बँकेत मॅनेजर आहात, नाशिकहून बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बदली झालीये. मुलगी सेमी इंग्रजीतून सातवी झाली. गावात जिल्हा परिषदेचं जुनं हायस्कूल आहे. दुसरा पर्याय जिल्ह्याच्या गावातली सीबीएसई शाळा, तिची व्हॅन सकाळी साडेसहाला निघते. आणि घरचे विचारतायत, "मॅनेजरची मुलगी झेडपीत घालणार का?"

माझी उभी नोकरी याच जिल्ह्यात, झेडपीच्या हायस्कुलांत गणित शिकवण्यात गेली. माझी दोन्ही मुलं तिथेच शिकली. तेव्हा माझं माप थोडं शाळेच्या बाजूला झुकणार, हे धरून वाचा.

उत्तर आधी देतो. घाला, पण एका अटीवर. आठवी ते दहावीला गणित, विज्ञान आणि इंग्रजी या तीन विषयांची पदं भरलेली असली पाहिजेत आणि त्या पदांवरची माणसं रोज वर्गावर जात असली पाहिजेत. ही अट बसली तर गावातली शाळा व्हॅनच्या शाळेपेक्षा बरी. नाही बसली तर माझं झेडपीप्रेम तुमच्या मुलीच्या काही कामाचं नाही.

लोक शाळा बघायला जातात आणि इमारत बघून येतात. पत्र्यांतून पाणी गळतं का, रंग उडालाय का, प्रवेशद्वारावर कमान आहे का. हे सगळं नंतर. तुम्ही मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये बसून विचारा: "मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि नववी-दहावीचं गणित कोण घेतं?" उत्तर चटकन आलं, नावासकट आलं, तर चांगलं. "होईल व्यवस्था" असं आलं तर समजा की गणिताचा तास सध्या इतिहासाचे सर घेतायत. मुख्याध्यापक स्वतः कायम आहेत की प्रभारी, हेही कळेल. वर्षानुवर्षं प्रभारी कारभार असलेल्या शाळेत कुणी कुणाला काही म्हणत नाही, हा माझा अनुभव.

पदं रिकामी का असतात, हे तुम्हाला माहीत असावं, म्हणजे तुम्ही उगाच शिक्षकांवर डोळे वटारणार नाही. २०१२ साली राज्याने शिक्षकभरतीवर बंदी घातली. माणसं निवृत्त होत गेली आणि खुर्च्या तशाच राहिल्या. पुढे पवित्र पोर्टलवरून भरती सुरू झाली, पण ती रखडत रखडत. त्यातून येणारी पोरं पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधनावर असतात. माध्यमिकला ते २०२३ पासून महिना १८,००० रुपये आहे, त्याआधी ८,००० होतं. या नव्या मंडळींना कमी लेखू नका. भरतीच्या परीक्षा देऊन, वर्षानुवर्षं वाट बघून आलेली असतात, आणि विषय त्यांना आमच्या पिढीतल्या काहींपेक्षा पक्का येतो.

दुसरं कारण पटाचं. दरवर्षी संच मान्यता होते, म्हणजे पटावर मुलं किती यावरून शिक्षक किती हे ठरतं. गावातली ऐपत असलेली माणसं मुलं व्हॅनमध्ये बसवतात, पट उतरतो, एक शिक्षक अतिरिक्त ठरून दुसरीकडे जातो, मग उरलेले पालक म्हणतात "बघा, शाळेत शिक्षकच नाहीत," आणि तेही व्हॅन शोधतात. हे मी डोळ्यांदेखत पाहिलंय. म्हणून आत्ताचा पट विचारा, आणि मागच्या तीन वर्षांचाही विचारा. पट टिकून असेल तर शाळेत काहीतरी घडतंय.

"निकाल किती टक्के?" हा प्रश्न मात्र विचारू नका. विचारलात तर उत्तरावर जाऊ नका. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ ला ८९.४१ टक्के होता, २०१९ ला ७७.१० झाला आणि २०२० ला ९५.३० वर गेला. एका वर्षात मुलं ढ झाली आणि पुढच्या वर्षी हुशार झाली असं नाही. २०१९ ला भाषा आणि समाजशास्त्राचे शाळेच्या हातातले २० गुण काढले होते, पुढच्या वर्षी ते परत आले, हा त्यातला मोठा भाग. शिवाय परीक्षा केंद्र कसं आहे यावरही निकाल ठरतो. आमच्या भागात कॉपीचा रोग आहे, उगाच झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा गेल्या वर्षीच्या दहावीचं गुणपत्रक बघायला मागा आणि नुसता गणिताचा रकाना वाचा. पस्तीस ते चाळीसची गर्दी किती, सत्तरच्या वर किती. अर्ध्या मिनिटात शाळा कळते.

आणखी एक खूण सांगतो, बाहेरच्या माणसाला ही सहसा सुचत नाही. आठवीला एनएमएमएस नावाची केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा असते. सरकारी, झेडपी-पालिकेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांनाच ती देता येते. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत लागतं, म्हणजे तुमची मुलगी त्यात बसणार नाही. तरी विचारा, "एनएमएमएसला किती मुलं बसवता? जादा तास कोण घेतं?" कारण त्या तासाचे वेगळे पैसे कुणाला मिळत नाहीत. शाळेच्या वेळेआधी तासभर येऊन बुद्धिमत्तेची उदाहरणं सोडवून घेणारा एखादा शिक्षक जिथे आहे, तिथे तुमच्या मुलीलाही शिकायला मिळेल.

थोडं शाळेच्या जुनेपणाबद्दल. सातारा-सांगलीकडे हायस्कूल म्हटलं की संस्थेचं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, तिच्यासारख्यांच्या शाळा तिकडे गावोगाव. आमच्याकडे निजामाचं राज्य. सरकारी हायस्कुलात उर्दूतून शिकावं लागे, आणि ज्यांना मराठीतून शिकवायचं होतं त्यांनी हिप्परग्यासारख्या ठिकाणी राष्ट्रीय शाळा काढल्या. स्वामी रामानंद तीर्थ हैदराबादच्या लढ्यात उतरण्याआधी तिथेच मुख्याध्यापक होते. १९४८ नंतर सरकारी शाळा मराठी झाल्या आणि १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या तेव्हा ही हायस्कुलं त्यांच्याकडे गेली. म्हणून मराठवाड्यात मोक्याच्या जागी, भलंमोठं मैदान घेऊन बसलेली जि. प. प्रशाला दिसते. गावातले सत्तरीतले वकील, डॉक्टर, व्यापारी बहुतेक तिथलेच. त्या मैदानावर आठवडाभर पुढाऱ्याच्या सभेचा मांडव उभा राहतो हेही खरं, पण उरलेले दिवस तिथे कबड्डी आणि खो-खो चालतो. व्हॅनच्या शाळेत गेलेल्या मुलीला खेळायला वेळ कुठला? साडेसहाला निघून ती चारला घरी येणार, झोपाळलेली.

तुमच्या गावात बहुधा एखाद्या संस्थेचं अनुदानित हायस्कूलही असेल. तुम्ही लिहिलं नाहीत, पण तेही बघून घ्या. तिथलेही पगार सरकारच्याच तिजोरीतून होतात, अभ्यासक्रम तोच, पुस्तकं बालभारतीचीच. फरक इतकाच की संस्थेची एकच शाळा असेल तर तिथला शिक्षक निवृत्तीपर्यंत तिथेच असतो. चांगला असेल तर पिढ्या घडवतो. वाईट असेल तर पिढ्यांना भोवतो. झेडपीत बदल्या होतात.

सेमीची काळजी फार करू नका. बऱ्याच प्रशालांत आठवीपासून एक तुकडी सेमीची असते. फक्त पुस्तक इंग्रजी आणि शिकवणं सगळं मराठीत असं चालतं का ते बघा. खरं सांगायचं तर तसं चाललं तरी आठवीत बिघडत नाही, गणित समजल्याशी मतलब. संस्कृत राज्य मंडळात आठवीलाच सुरू होतं, त्यामुळे नाशिकला राहिली असती तरी तिची सुरुवात आत्ताच झाली असती. गावात संस्कृतचे शिक्षक नसण्याचीच शक्यता जास्त. हिंदी घ्यावं लागेल.

आता जे मिळणार नाही ते. इंग्रजी बोलायचा सराव मिळणार नाही. वाचनालय म्हणजे एक कपाट, किल्ली कुणाकडे ते शोधावं लागेल. संगणक असतील, वीज असेलच असं नाही. हे तुम्हाला घरी भरून काढावं लागेल आणि तुम्हाला ते जमेल. वर्गातल्या बाकीच्या पालकांना जमत नाही.

मुलींचं स्वच्छतागृह मात्र स्वतः आत जाऊन बघा. नळाला पाणी आहे का, कडी लागते का, आणि ते कुलूपबंद तर नाही ना. तपासणी येणार म्हणून स्वच्छ ठेवलेलं आणि एरवी बंद, असं मी पाहिलंय. यावर तडजोड करू नका. बाईमाणसाने विचारलं की मुख्याध्यापक लाजेने का होईना हलतात.

वर्गात कोण असेल? वाड्या-वस्त्यांवरून, तांड्यावरून एसटीने येणाऱ्या मुली. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातल्या, मुलींसाठीच्या निळ्या बसने येणाऱ्या. कारखान्याला ऊसतोडीसाठी गेलेल्या आई-बापांची मुलं. दिवाळी झाली की टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात, आणि वर्गातली काही बाकं रिकामी होतात. काही मुलं आजीजवळ राहून शिकतात, काही मार्च-एप्रिलला परततात. शिक्षकाला मग मागचं पुन्हा शिकवावं लागतं, आणि तुमच्या मुलीला तेव्हा कंटाळा येईल. तिच्याकडे तेव्हा शिष्यवृत्तीचं किंवा प्रज्ञाशोधाचं पुस्तक द्या, सर अडवणार नाहीत. नववीत एखादी मैत्रीण अचानक यायची बंद होईल आणि नंतर तिच्या लग्नाचं कळेल, हेही होऊ शकतं. कायदा अठराचा आहे, तरी आमच्या जिल्ह्यात हे चालू आहे. तुमच्या मुलीला त्याबद्दल आधीच सांगून ठेवा. आणि असं काही कानावर आलं तर १०९८ या मुलांच्या मदतीच्या नंबरला फोन करायला मागेपुढे पाहू नका. तुम्ही बाहेरच्या आहात, तुम्हाला भावकीचा दाब नाही.

सुरुवातीचे एक-दोन महिने तिला "मॅनेजर बाईची पोरगी" म्हणतील, तिच्या नाशकाच्या बोलण्याला हसतील. आठवीपर्यंत शाळेत पोषण आहार असतो. तिला घरून वेगळा डबा देऊ नका, ताट घेऊन इतरांबरोबर खिचडीला बसू द्या. निम्मी ओळख तिथेच होते.

अकरावीचं आत्ता मनात आणू नका. नीट-जेईई करायची असली तर सीबीएसईची मुलंही दहावीनंतर लातूरला किंवा संभाजीनगरलाच जातात. तुमची मुलगीही तीन वर्षांनी त्याच रांगेत असेल, आणि तोवर तुमची पुढची बदली आलेली असेल.

शाळा बघायला सुट्टीत जाऊ नका, जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर जा. रोज साधारण साडेदहा-अकराला भरते, पाचला सुटते, शनिवारी सकाळची असते. दुपारच्या सुट्टीनंतरचा तास गाठा आणि व्हरांड्यातून एक फेरी मारा. सगळे वर्गावर आहेत की स्टाफरूम भरलेली आहे, ते दिसेल. प्रवेशाला आठवीत कुणी अडवत नाही, वर्ष सुरू झालेलं असलं तरी देतात, आणि मुलींना फी नाही. नाशिकच्या शाळेतून दाखला घेताना एक काम न विसरता करून घ्या: यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी नोंदीच्या पोर्टलवर तिचं नाव त्यांनी सोडलं पाहिजे. नाहीतर इकडच्या पटावर ते चढत नाही आणि इकडचे क्लार्क सहा महिने तुम्हाला नाशिकला फोन करायला लावतील.