म्हशीचं दूध पांढरं असतं म्हणजे त्यात व्हिटॅमिन ए नसतं का? संकलन केंद्रावर ते मोजून मिळेल का?

असतं. आणि केंद्रावर मोजून मिळणार नाही.

तुमच्याकडे पंढरपुरी म्हशी आहेत, सोलापुरात रतीब घालता आणि एक गिऱ्हाईक 'गाईचंच दूध पिवळं, त्यातच व्हिटॅमिन' म्हणून अडून बसलंय. त्यांना सांगा, तो पिवळा रंग कॅरोटीनचा. कॅरोटीन हिरव्या चाऱ्यातून येतं आणि जनावराच्या आतड्याच्या अस्तरात त्याचं व्हिटॅमिन ए बनतं. गाय हे काम अर्धवट सोडते. उरलेलं कॅरोटीन दुधाच्या फॅटमध्ये उतरतं, म्हणून जर्सीचं तूप पिवळंधमक. म्हैस जवळपास सगळं कॅरोटीन बदलून टाकते, आणि तयार व्हिटॅमिनचा रंग दुधात दिसत नाही. शेळीचंही तसंच.

खरी गोम चाऱ्यात आहे. मालदांडीचा कडबा पोट भरतो, पण उन्हात वाळताना त्यातलं कॅरोटीन जातं आणि गंजीत राहिलेलंही महिन्यागणिक घटत जातं. व्हिटॅमिन ईची तीच गत. यकृतातला साठा काही महिने निभावतो. नुसता कडबा आणि सरकी पेंड यावर उन्हाळा काढला की तो आटतो. मग विताना वार (जार) अडकणं, रेडकू अशक्त किंवा नजरेने अधू जन्मणं हे प्रकार दिसू लागतात. (वार अडकायला इतरही कारणं असतात, डॉक्टरांना दाखवाच.) रोज थोडं कडवळ, लसूणघास किंवा हिरवा मका मिळाला तर फरक पडतो. पाणी नसेल तर मुरघास, म्हणजे हवाबंद मुरवून ठेवलेला हिरवा चारा. त्यात कॅरोटीन कडब्यापेक्षा बरं टिकतं. गाभण म्हशीच्या वारेतून पोटातल्या रेडकाला व्हिटॅमिन ए फारच थोडं पोचतं, त्याची भरपाई चिकातून होते. तेव्हा चीक आधी रेडकाला, खरवस नंतर.

बाकीच्यांचं थोडक्यात. व्हिटॅमिन सी जनावर स्वतःच्या यकृतात बनवतं. डी कातडीवर ऊन पडून बनतं, उन्हात वाळलेल्या कडब्यातूनही मिळतं. दुधात मात्र ते किरकोळच उतरतं.

बी12 ची गोष्ट वेगळी. चाऱ्यात ते नसतंच, म्हशीच्या पोटातले जीवाणू ते तयार करतात. त्यांना लागतो कोबाल्ट, आणि तोही किती? एक किलो कोरड्या चाऱ्यामागे साधारण 0.1 मिलीग्रॅम. चांगल्या क्षार मिश्रणात तो असतो, पुडा उलटा करून वाचा. गाईच्या एक लिटर दुधात साधारण 4 मायक्रोग्रॅम बी12 मिळतं. मोठ्या माणसाची दिवसाची गरज याहून कमी, त्यामुळे शाकाहारी घरात दुधाला तोड नाही.

आता मोजणी. केंद्रावरचं मशीन फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), फार तर मिसळलेलं पाणी दाखवतं. व्हिटॅमिन ए फॅटमध्ये राहतं हे खरं, पण 7 फॅट म्हणजे व्हिटॅमिनही त्याच हिशेबात असं होत नाही; गाडी मोठी असली तरी माल चाऱ्यातूनच भरावा लागतो. साय काढली की ते सायीबरोबर जातं. म्हणूनच पिशवीच्या टोन्ड दुधात ते वरून घालतात. पिशवीवर '+एफ' (व्हिटॅमिन वरून घातल्याचं) चिन्ह असेल तर एफएसएसएआय या सरकारी अन्न सुरक्षा संस्थेच्या नियमाप्रमाणे लिटरला 270 ते 450 मायक्रोग्रॅम.

प्रयोगशाळेत दुधाला अल्कोहोलमधल्या कॉस्टिक पोटॅशबरोबर गरम करतात. फॅटचा साबण होतो, व्हिटॅमिन मोकळं सुटतं. ते हेक्झेन नावाच्या द्रावकात ओढून घेतात आणि एचपीएलसी या घटक वेगळे करणाऱ्या यंत्रात 325 नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात मोजतात. सगळं काम मंद उजेडात, तपकिरी काचेच्या भांड्यांत, कारण उजेडाने व्हिटॅमिन ए मोडतं. बी2 तर त्याहून नाजूक. पनीर केल्यावर खाली उरणारं पाणी हिरवट पिवळं दिसतं ना, तो रंग बी2 चा. ते पाणी उन्हात ठेवून बघा, रंग फिका पडत जाईल.

ही तपासणी महाग पडते. एका गिऱ्हाइकाच्या शंकेसाठी मी तरी करणार नाही. करायचीच असेल तर खाजगी अन्न तपासणी प्रयोगशाळेला आधी फोन करून नमुना किती लागतो ते विचारा. सगळ्या म्हशींचं सकाळ-संध्याकाळचं दूध एकत्र ढवळून त्यातलं घ्या, बाटलीला फॉइल गुंडाळा, बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा.